वहिनींची चाचणी आणि कुजबुज

आमच्या नाटक कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवणं हे त्याचं काम. आम्ही त्याला कुजबुजच म्हणायचो. भर प्रयोगात माझी बोबडी वळली की त्याचा आवाज यायचा, नेमका माझ्याच कानात. मला मिळालेल्या निम्म्या टाळ्या खरं तर त्याच्या!

म्हातारपणी त्याची बायको, आमच्या वहिनी, विसरू लागल्या. आधी गॅस, मग मुलीचं नाव. पहिल्या चाचणीत पाचपैकी तीनच शब्द आठवले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशींचं आवरण मुख्यतः चरबीचं असतं. ते सारखं नव्यानं घडतं. माशांतलं तेल, अंड्याच्या बलकातलं कोलीन, असा माल आहारातून गेला तर मदत होत असावी. खात्री मात्र देत नाही. सहा महिने बघू."

"म्हणजे पडदा शिवायला कापड पुरवायचं," हे सगळं मला येऊन सांगताना कुजबुज म्हणाला. त्याला तेवढंच कळलं. मलाही.

मग रोज मासे, रोज अंडी. वहिनी वैतागायच्या, "अहो, आता खुराड्यातच ठेवा मला!"

दुसऱ्या चाचणीला मीही गेलो. वहिनींनी पाचही शब्द सांगितले. बाई खूश. पण कुजबुज वहिनींच्या खुर्चीमागेच उभा होता. खुर्चीमागचा तो आवाज मी नाही ओळखणार तर कोण?

"अरे, शब्द तू पुरवलेस!"

"मी? छे!" मग त्याचा चेहराच उतरला. "ती अडखळली रे... कुणी अडखळलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं."

बाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि नवे शब्द दिले. वहिनींनी दोन सांगितले, थांबल्या, मान मागे वळवली. तिथे कुणीच नव्हतं. माझी जीभ वळवळत होती. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कंदील!"

"तीन. पहिल्याइतकेच," बाई म्हणाल्या. "म्हणजे निदान घसरण नाही."

"पण पहिल्या वेळी मी आत होतो की बाहेर?" दारातून कुजबुजनं विचारलं. आत असेल, तर ते तीन तरी वहिनींचे होते का? बाईंना आठवेना. त्यालाही. तो डोकं खाजवत माझ्याकडे बघत राहिला. मी तेव्हा नव्हतोच, काय पुरवणार?

वहिनी पिशवी उचलत म्हणाल्या, "उद्यापासून तुम्हीही अंडी खा."