रेफरीनं काकाला विचारलं

माझा धाकटा काका बेकरी चालवायचा आणि पेठेच्या संघाचा गोलकीपर होता. कोल्हापुरात यातली दुसरी गोष्ट मोठी. संघात ख्रिस्ती तो एकटाच, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. माणूस बॉल अडवतोय ना, मग तो रविवारी कुठं जातो हे कोण बघतंय? उलट पेनल्टीच्या वेळी कप्तान स्वतः ओरडायचा, "तुझ्या येशूला सांग की जरा!"

आमच्या चर्चच्या मंडळीतही काकाचं भारी कौतुक. पाळकसाहेब फुटबॉलवेडे. सामना असला की त्या रविवारचा उपदेश आपोआप आखूड व्हायचा. बाकीच्या रविवारी ते धिप्पाड गल्याथाला एकट्यानं लोळवणाऱ्या दावीदाची गोष्ट सांगायचे. ख्रिस्ती माणसानं शूर असावं, जग विरोधात गेलं तरी सत्यासाठी एकटं उभं राहावं, असं सांगताना पुढ्यातल्या मेजावर मूठ आपटायचे. आम्ही माना डोलवायचो. एकटं उभं राहायची पाळी कुणावर येणार नाही याची सगळ्यांनाच खात्री होती.

त्या वर्षी आमचा संघ फायनलला पोचला. मी तेव्हा कॉलेजात होते. काकूबरोबर स्टेडियममध्ये जाऊन बसले. समोर पलीकडच्या पेठेचा संघ. या दोन पेठांतली माणसं एका लग्नात जेवायला बसली तरी एकमेकांकडे पाठ करून बसतात. सामना संपत आला तरी गोल नव्हता. आणि मग त्यांच्या एका पोरानं लांबून फटका मारला. बॉल काकाच्या हातातून निसटला. काका मागं वळून झेपावला आणि त्यानं बॉल ओढून पोटाशी धरला.

बॉल रेषेच्या आत गेला होता की नाही, कुणालाच दिसलं नाही. गोलपुढं खेळाडूंचा गराडा होता, लाइनमनला काही कळलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी शिव्यांचा पाऊस सुरू झाला. रेफरी पळत आला, चारी बाजूंना बघून गोंधळला आणि कुठलाही शहाणा रेफरी जे करणार नाही ते त्यानं केलं. त्यानं काकालाच विचारलं, "बॉल आत होता काय?"

काका म्हणाला, "होता."

हे आम्हाला मागाहून कळलं. स्टँडमधून एवढंच दिसलं, की रेफरीनं शिट्टी मारून गोल दिला आणि आमचे दहाच्या दहा खेळाडू त्याला सोडून काकाकडे धावले. काय झालंय ते स्टँडमध्ये हळूहळू पसरत आलं. आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा काकू ताडकन उभी राहिली. "ह्यो माणूस येडा हाय काय?" ती ओरडली. आजूबाजूच्यांनी तिच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

आम्ही हरलो. मैदानाबाहेर येताना कप्तानानं सगळ्यांसमोर काकाच्या थोबाडीत ठेवून दिली. येशूनं सांगितल्याप्रमाणे काकानं आता दुसरा गाल पुढं करायला हवा होता. काकानं गाल नाही, हात पुढं केला. पावाचं पीठ मळून मळून तयार झालेला हात तो. कप्तान खालीच बसला. पोरांनी दोघांना ओढून बाजूला केलं म्हणून तेवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चौकाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. 'खरा हिरो एकच!' खाली काकाचा कुणाच्या तरी लग्नातला गॉगल घातलेला फोटो आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून पलीकडच्या पेठेतली सगळी टाळकी. आमच्या पेठेला चिडवायला याहून सोपा उपाय नव्हता. बेकरीकडं त्या दिवशी कुणी फिरकलं नाही. पावाच्या लाद्या तशाच पडून राहिल्या. पुढं आठवडाभर काकूनं आम्हा सगळ्यांना भाजीबरोबर पाव, आमटीबरोबर पाव, चहाबरोबर पाव असं खाऊ घातलं.

काकानं शिडी आणली आणि तो फ्लेक्स स्वतः उतरवला. मग रविवार होता म्हणून उपासनेला आला. उपदेशात त्या दिवशी दावीद नव्हता, गल्याथही नव्हता. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी काकाला बाजूला घेतलं.

"खरं बोललास ते उत्तमच झालं," ते म्हणाले. "पण गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. जरा सांभाळून घ्यायचं."

"गप्प कसं राहणार, साहेब? त्यानं विचारलं की."

पाळकसाहेबांनी उसासा सोडला. तो धार्मिक नव्हता, फायनल हरलेल्या माणसाचा होता.

दुपारी काका म्हणाला, "कप्तानाच्या घरी जाऊन येतो." काकूनं कपाळाला हात लावला. "एकटं जाऊ नका. पोरीला संगं न्या. पोरीदेखत मारणार न्हाईत." अशी मी त्याच्या स्कूटरवर मागं बसले.

कप्तानाच्या घराच्या मागं गोठा होता. तो म्हशीला धूत होता. गालावर काकाची बोटं अजून दिसत होती. काकाच्या गालावर त्याची होती. आम्हाला बघून तो म्हणाला, "या पावणं. आज हिकडं कुठं?"

"काल तुला मारलं," काका म्हणाला. "ते चुकलं माझं. माफ कर."

"आणि गोलचं?"

"गोल होता."

कप्तानानं हातातली बादली आपटली. "अरं, न्हवता म्हणायचंस की! एक शब्द! कोण बघत होतं रं तिथं?"

"मी बघत होतो की."

कप्तान पुन्हा म्हैस घासायला लागला. त्याची आई आतून बाहेर आली आणि मुलालाच म्हणाली, "माफी मागाय आलाय न्हवं त्यो? बस म्हणायचं सोडून काय वराडतोयस?" तिनं आम्हाला दोन पेले दूध दिलं. आम्ही उभ्यानंच प्यायलो. निघताना कप्तान पाठमोराच म्हणाला, "परत संघात पाय ठेवायचा न्हाय."

"न्हाय ठेवत," काका म्हणाला.

परत येताना त्यानं स्कूटर मध्येच बाजूला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं. काका हँडलवर डोकं टेकून रडत होता. मिसरूड फुटल्यापासून तो गोलपोस्टमध्ये उभा राहत आला होता. मी मागं बसून राहिले. थोड्या वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "काकूला सांगू नकोस. आधीच डोकं फिरलंय तिचं."

पेठेचा राग हळूहळू ओसरला. त्याचं श्रेय सत्याला नाही, दुसऱ्या बेकरीच्या पावाला. मिसळीच्या रश्श्यात तो बुडवला की विरघळून जायचा. आधी मिसळवाला परत आला, मग त्याची गिऱ्हाइकं. कप्तानाची आई टोस्ट न्यायला स्वतः यायची. कप्तान मात्र आजही काकाशी बोलत नाही आणि काका पुन्हा त्या संघातून खेळला नाही.

नंतर कधीतरी पाळकसाहेबांचाही राग निवला. मंडळीच्या तरुण संघाच्या मेळाव्यात 'ख्रिस्ती माणसाचा हिरो कोण?' असा विषय त्यांनी ठेवला आणि बोलायला काकाला उभं केलं. काका उभा राहिला, घाम पुसला, आणि बोलेचना. शेवटी एका पोरीनंच विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली."

"मग खरं का सांगितलंत?"

काका म्हणाला, "येशूला धरून नेल्यावर पेत्रालाही असंच विचारलं होतं, तू त्याच्याबरोबर होतास काय म्हणून. त्यो न्हाय म्हणाला आणि मग रडत बसला. मी व्हय म्हणालो. रडाय मलापण आलंच. तवा त्यात काय फरक न्हाय." मग म्हणाला, "आणि हिरो-बिरो काय न्हाय बाबांनो. हिरो असतो तर बॉल आधीच अडवला असता."

पोरं खिदळली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं समारोपाची प्रार्थना सुरू केली. मंडळीतली माणसं अजूनही 'होता' या एका शब्दाचंच कौतुक करतात. ती कप्तानाच्या गोठ्यात माझ्या शेजारी उभी नव्हती. रेफरीला उत्तर देताना काकाला विचार करायला वेळच मिळाला नव्हता. कप्तानाच्या दारात जायच्या आधी मात्र त्याच्याकडे अख्खी रात्र आणि अर्धा रविवार होता, आणि तरी तो गेला.