खंडेनवमीला उसनं घेतलेलं इंटरनेट

डोक्यात राख घालून घ्यायला मला मुळीच वेळ लागत नाही, आणि त्या दिवशी तर कारणही होतं. पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती, तीही कॉम्प्युटरवर, एकमेकांचे चेहरे बघत. मोबाइलवर तेव्हा नेट धड चालत नव्हतं. तारीख विचारली तेव्हा मी हरखून ‘चालेल’ म्हणून बसले, कॅलेंडर बघायचं सुचलंच नाही. ती निघाली खंडेनवमी! आमच्या केज गावातले नेट कॅफेवाले मशिनींना हार घालून, शटर ओढून मोकळे. आमच्या घरच्या टेलिफोनची लाइन रस्त्याच्या खोदकामात तुटलेली. वडिलांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, ही नोकरी लागली तर पुण्याला जा, नाही तर दिवाळीनंतर बघायला येतील त्यांच्यापुढं गुमान बसायचं.

राहता राहिले समोरचे काका. नात्याचे नव्हेत, गल्लीतल्या सगळ्यांचेच काका. किराणा दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. नातू दिसावा म्हणून बाहेरगावच्या मुलानं त्यांना लॅपटॉप आणि डाटा कार्ड घेऊन दिलेलं. त्या कार्डाला आमच्या घरात रेंज नव्हती, काकांच्या गल्ल्यापाशी मात्र छान यायची. मी धावत गेले, तर लॅपटॉप तराजू आणि मापांच्या रांगेत पाटावर उघडा मांडलेला. हार, हळद-कुंकू, पुढं नारळ.

‘काका, तासभर द्या ना.’

‘न्हाई माय. पुजलंय. आज हत्याराला हात लावत न्हाईत.’

‘हे काय हत्यार हाय का?’

‘मग काय खेळणं हाय?’

मी तणतणत पायरी उतरले आणि तिथंच सुचलं. माझ्या कॉम्प्युटरची पूजा आईनं संध्याकाळवर ढकलली होती. परत फिरले. ‘काका, लॅपटॉप जागचा हलवायचा नाही. त्याचं नेट तेवढं केबलनं माझ्या कॉम्प्युटरला नेते.’

काकांनी विचार केला. ‘म्हंजे शेजारणीनं आपल्या दिव्यावर दिवा लावून न्यावा, तसं?’

‘अगदी तसंच.’

‘मग ने की.’

पण शेअरिंग चालू करायला काही बटणं दाबावीच लागणार होती. काकांनी हात धुतले, लॅपटॉपला नमस्कार केला, ‘माफी असावी’ म्हणाले आणि मी सांगेन तसं एका बोटानं दाबत गेले. एक केबल गल्ली ओलांडून पुरेना, म्हणून मी कॉम्प्युटर शिकले त्या क्लासमधून मागून आणलेला राउटर त्यांच्या पायरीवर ठेवला. लॅपटॉपची केबल त्यात, आणि त्यातून दुसरी आमच्या खिडकीत. माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडलं तेव्हा मी खिडकीतून केवढ्यांदा ओरडले, ‘आलं, आलं!’

मुलाखत सुरू झाली. साहेब भला वाटला. मी जरा रंगात आले आणि लाइट गेली. कॉम्प्युटर बंद, राउटर बंद. परळीत एवढी वीज बनते अन् आमच्या नशिबी हे! मी रडत, लाइटवाल्यांचा उद्धार करत गल्लीत आले. पुण्याचं संपलं, एवढंच डोक्यात होतं.

काका दारात उभे होते. त्यांनी माझं तोंड बघितलं. वळले, हार काढून बाजूला ठेवला, लॅपटॉप पाटावरून दोन्ही हातांनी उचलला आणि गल्ल्यावर मांडला. बॅटरीवर तो चालूच होता.

आतून काकू ओरडल्या, ‘अहो, पुजलेलं कावून उचललं?’

‘हत्यार पुजत्यात कशासाठी? लढाईला न्यायलाच ना?’ काका म्हणाले. मग मला, ‘बस, पोरी.’

पुन्हा कॉल लावला, तर साहेबाला मी दिसेचना, सगळं लालभडक. काकांनी पूजेत लॅपटॉपचं कपाळ म्हणून नेमका कॅमेराच धरला होता! त्यांनी उपरण्यानं कुंकू पुसलं. साहेब हसत सुटला आणि त्यानं विचारलं, लाइट गेली तर परत आलात कशा? मी अडखळत, मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कार्ड, लॅपटॉप, राउटर, गल्लीतली केबल. मग तो त्यावरच खोदून खोदून विचारत राहिला. शेवटी म्हणाला, हे जोडलं कुणी?

‘मी,’ म्हटलं, ‘आणि आमच्या काकांनी.’

नोकरी लागली. पुढं पुष्कळांनी मला मदत केली, पण कुणी माझ्यासाठी आपला नेम मोडला नाही. काकांनी तो मोडला, आणि त्याचं ओझं मला कधी जाणवू दिलं नाही. ते ऋण फिटायचं नाही, फेडावंसंही वाटत नाही.

त्या मुलाखतीतलं इंग्रजी काकांना ओ की ठो कळलं नव्हतं. एकच शब्द कळला होता. मी पुण्याला निघाले तेव्हा ते स्टँडवर आले, आणि भेटेल त्याला अडवून सांगत होते, ‘एवढ्या मोठ्या साहेबापुढं पोरीनं माझं नाव घेतलं!’ मी नाव घेतलंच नव्हतं, नुसतं काका म्हटलं होतं. एसटी हलली तरी मला हे त्यांना सांगवलं नाही.