पपईचा अर्क

सातवीच्या वर्गाला पचनसंस्था शिकवताना मी दरवर्षी एकच प्रयोग करतो. प्रत्येकाने भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि न गिळता नुसता चावत बसायचं. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडतं, "सर, गोड लागतंय!" मग मी लाळेतल्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, ओळख करून देतो, ते पिष्टाची साखर कशी करतं ते सांगतो. वर्गात मला बराच मान आहे. घरी वडिलांचं स्वादुपिंड बंद पडलं तेव्हा त्या मानाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

आबा धुळ्याजवळच्या आमच्या गावात शेती करतात. मुक्ताईनगरला जाऊन त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. तेव्हापासून मांस-मच्छी तर सोडाच, अंडं घातलेला केकसुद्धा त्यांच्या ओठाला लागलेला नाही. अशा माणसाला जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "दारू किती घेता?" मग तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. तिसऱ्यांदा मला बाहेर पाठवून विचारलं. आबा रागावले नाहीत. एवढी निर्व्यसनी माणसं दुखणं आणतात तरी कुठून, या विचाराने डॉक्टरच बिचारे कष्टी झाले. कारण शेवटपर्यंत सापडलं नाही.

जठराचं आपण उगाच कौतुक करतो. ते आम्लात घुसळून सुरुवात तेवढी करून देतं. खरं काम होतं लहान आतड्याच्या तोंडाशी. तिथे स्वादुपिंड आपला रस ओततं: पिष्टासाठी एक विकर, प्रथिनांसाठी दुसरं, तेलातुपासाठी तिसरं. प्रथिनं तोडणारं विकर स्वादुपिंडात निजलेलं असतं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. ते घरातच जागं झालं तर घरच खायला लागतं. आबांच्या पोटात हे वारंवार झालं होतं आणि उरलेल्या स्वादुपिंडातून रस येईनासा झाला होता. वरण-बट्टी, तिच्यावरचं तूप, भरीत, सगळं खाल्लं जायचं आणि अंगाला काहीच लागायचं नाही. आमच्या घरात वजनकाटा एकच, कापसाचा. त्याच्यावर उभे राहून आबा दर आठवड्याला हलके होत होते.

डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. जेवताना पहिल्या घासाबरोबर घ्यायची, म्हणजे नसलेला रस बाहेरून मिळतो. मास्तरकीच्या खोडीने मी आतला कागद वाचला. कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली होती. मी कागद पुन्हा वाचला, जणू दुसऱ्या वाचनात प्राणी बदलणार होता. डॉक्टरांना फोन करून शाकाहारी गोळी मागितली. ते म्हणाले, "दुसऱ्या कशाच्या भरवशावर मी त्यांना सोडणार नाही. हीच द्या."

संध्याकाळी आबांनी विचारलं, "कसानी शे ही गोळी?"

"पपईना अर्क शे, आबा."

नुसतं खोटं बोलून मी थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी शिक्षक. कच्च्या पपईच्या चिकात विकर असतं, ते अन्न कसं फोडतं, हे सगळं पाटीवर काढल्यासारखं समजावून दिलं. आबा खूश झाले. गावभर सांगत सुटले, की पोरगा शिकला त्याचं चीज झालं. उन्हाळी सुट्टीच्या दोन महिन्यांत काटा वर सरकला आणि मी निर्धास्त होऊन जळगावच्या माझ्या शाळेत परतलो.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर दारात आबा नव्हते, नुसता त्यांचा सदरा उभा होता. कॅप्सूलची डबी जवळपास भरलेली. मी आवाज चढवला, तर ते शांतपणे म्हणाले, "दुकानमधलं कसाले? आपला वावरमा ताजी पपई शे ना!" बांधावरची कच्ची पपई किसून ते दोन्ही वेळच्या जेवणात खात होते. इतक्या वर्षांत माझा धडा एवढा मनावर घेणारा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नव्हता.

पपईतलं विकर फक्त प्रथिनं तोडतं, तेलातुपाला हात लावत नाही, वगैरे मी सांगू लागलो. गोळीतला अर्क फार जोरदार असतो, असंही म्हणून पाहिलं. त्यावर आबांनी पपई वाढवली. मग आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, की परवा शेतातून येताना ते रस्त्यातच खाली बसले, उचलून आणावं लागलं. मी घाबरलो. आपण आपल्या हाताने बापाला मारतोय, असं स्पष्ट वाटलं.

दुपारी ओट्यावर सगळं सांगून टाकलं.

"डुक्कर?" आबा म्हणाले.

"हो, आबा."

"तुले ठाऊक व्हतं?"

"हो."

त्यांनी बांधाकडे नजर वळवली. मग म्हणाले, "नही लिधं तर?"

गोळी घेतली नाही तर काय, हे सांगायला मी कापसाच्या काट्याकडे बोट केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पानावर बसण्याआधी त्यांनी हात धुतले आणि गळ्यातल्या माळेची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ, सुटता सुटेना. आई मदतीला गेली तर तिला थांबवलं. "गळामा माळ अन् पोटमा हाई, हाई काही जमाव नही," एवढंच बोलले. माळ कपाळाला लावून बाजूला ठेवली, पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल गिळली आणि वाढलेलं सगळं जेवले. माझ्या जिवात जीव आला.

आचवून आल्यावर त्यांनी माळ माझ्यापुढे धरली. "घाल."

"खुटीवर ठी देऊ का?"

"खुटीवर टांगानी वस्तू शे का ती? घरमा कोनी तरी घालाले पाहिजे."

आता सांगायलाच हवं. जळगावात शाळेबाहेरच्या गाडीवर मी रोज ऑम्लेट खातो आणि रविवारी मित्राकडे मटण. यातला कसलाही वास गावापर्यंत पोचत नाही, अशी माझी वीस वर्षं समजूत होती. एक खोटं कालच फेडलं होतं, दुसरं अंगावर घ्यायची हिंमत नव्हती.

"आबा, माले नही झेपाव. मी तठे जळगावले..."

"माले ठाऊक शे," आबा म्हणाले. "म्हणीसन तर तुले दी ऱ्हायनू."

मी मान पुढे केली. गाठ आबांनी पक्की मारली.