कोचची खुर्ची

आमचे कोच दर रविवारी मैदानावर घडीची खुर्ची घेऊन येत आणि तिच्यावर कधीही बसत नसत. मेक्सिकोत ते गोलकीपर होते. गुडघे गेल्यावर टेक्सासला येऊन आमच्या युनिव्हर्सिटीतल्या हौशी फुटबॉल टीमला शिकवू लागले. चौऱ्याऐंशी साली मी एम.एस. करायला तिथे पोचलो. पुण्यात विकेटकीपर होतो एवढं कळल्यावर त्यांनी मला थेट गोलमध्ये उभं केलं. "हात चांगले आहेत, पाय अजून झोपलेत," असं मोडक्या इंग्रजीत सांगायचे.

मॅचभर ते माझ्या गोलच्या मागे उभे राहून पुटपुटत असत. गोल झाला की जाळ्यातला बॉल मला उचलू देत नसत. लंगडत स्वतः यायचे, बॉल शर्टाला पुसायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "हा गोल माझ्या खात्यात. पुढचा बॉल तुझा." एकदा आम्ही सात गोल खाल्ले. सातव्या वेळीही त्यांनी बॉल तितकाच नीट पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या मॅचला एक-एक बरोबरी असताना समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली. धीर हवा म्हणून मी मागे वळलो, तर मागे कोणीच नाही! कोच पार मैदानाच्या कडेला, खुर्चीत पाय पसरून, निवांत संत्रं सोलत बसले होते.

मला इतका राग आला, यार, की तो बॉल मी अडवलाच.

भांडायला म्हणून खुर्चीपाशी गेलो. कोचनी पिशवीतून दुसरं संत्रं काढलं, शर्टाला नीट पुसलं आणि माझ्या हातात दिलं.