वजनाचा रकाना

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धंतोलीतल्या मुलांच्या एका दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो, आणि तिथं कॉम्प्युटर चालवता येणारा एकटाच, म्हणून जरा हवेत होतो. मोठ्या डॉक्टरांच्या भाच्यानं परदेशातून एका प्रोग्रामची फ्लॉपी पाठवली. मुलाचं वजन टाकलं की सलाइन किती लावायचं ते पडद्यावर येई. मोठे डॉक्टर म्हणाले, "आधी जुन्या फायलींवर चालव. पोरांवर नाही."

बरी होऊन घरी गेलेल्या मुलांच्या तीस फायली मी काढल्या. आमचा हातानं केलेला हिशेब आणि मशीनचा हिशेब तीसही फायलींत जुळला. उद्यापासून वॉर्डात सुरू करायचं, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. टेबलाखालच्या फायलींच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या काहून बाजूले ठेवल्या?"

"त्यांत वजन लिहिलेलं नाही."

"मंग तसंच टाकून पाहा ना, डॉक्टर. खेड्यावरून लेकरू आलं का आपन आधी शीर शोधतो. वजनाचा काटा खाली ओपीडीत. रोजचंच हाय ते."

मी वैतागलो. तरी वरची फाईल घेतली, चौदा महिन्यांच्या मुलाची, आणि वजनाची जागा कोरी ठेवली. मशीन अडेल याची मला खात्री होती. ते अडलं नाही. आधीच्या, दहा वर्षांच्या मुलाचा होता तोच आकडा पुन्हा आला. कोऱ्या जागी त्यानं मागचंच वजन धरलं होतं. तेवढ्या सलाइननं त्या बाळाच्या छातीत पाणी भरलं असतं. मशीनवर रागवायचीही सोय नव्हती, गठ्ठा मीच बाजूला सारला होता.

"याला तेव्हा किती लावलं होतं?" मी विचारलं.

"उचलून पाह्यलं. साडेसात किलो वाटलं मले. तेवढ्याचं लावलं."

फ्लॉपी मी कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी रामटेककडून एक बाळ आलं, हगवणीनं गळून गेलेलं, डोळे खोल. मी त्याला दोन्ही हातांवर उचललं आणि तसाच उभा राहिलो. माझ्या हातांना काहीच कळेना. बाळ सिस्टरांकडे दिलं.

"सहा किलो," त्या म्हणाल्या. मी आधी ते वजनाच्या रकान्यात लिहिलं, मग शीर शोधायला घेतली.