चॅम्पियनबाईंचा उजवा हात

बाहेर सगळे तिला चॅम्पियनबाई म्हणत. घरात ती धाकटीच. वडील गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र चालवायचे. सकाळी खेळणारे यायच्या आत ते लेकीला हिरवळीवर सोडत. कुणीतरी टाकून दिलेली, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली एक स्टिक होती, तिच्यावरच ती शिकली. तेविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपद चारदा घरी आणलं. तिची बॅग सांभाळायला थोरला भाऊ सुतारकाम सोडून आला. "लांबचे फटके काय, कुणीही मारेल. होलजवळ आमच्या धाकटीचा हात बघा," असं तो ज्याला त्याला सांगायचा.

एकोणचाळिसाव्या वर्षी तोच हात बिघडला. एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत चेंडू होलपासून जेमतेम दोन हातांवर होता. मारताना उजव्या मनगटाला झटका बसला आणि चेंडू भलतीकडेच गेला. पुढच्या स्पर्धेतही तेच. वर्षभर तिनं वाऱ्याला, गवताला, नव्या बुटांना बोल लावले. खरी भीती वेगळीच होती. पन्नाशीत वडिलांचे हात कापू लागले होते, आणि शेवटची काही वर्षं त्यांच्या शर्टाची बटणं तिनंच लावली होती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. एकदा गाडीत बसताना भाऊच म्हणाला, "बाबांचंच दुखणं आहे असं वाटतंय ना तुला?"

तिनं उजवा हात मांडीखाली सरकवला.

"मग दाखवून येऊ. घाबरायचंच असेल तर नीट माहिती काढून घाबरू."

डॉक्टरीणबाईंनी तिला पानभर लिहायला लावलं, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायला लावलं, खोलीत चालायला लावलं. हात जराही थरथरला नाही. मग त्यांनी विचारलं, "स्टिक आणलीय?"

भावानं ती गाडीतून आणली. बाहेरच्या बोळात फरशीवर कागदी पेला आडवा ठेवला. तिनं चेंडू मारला, मनगट झटकलं आणि चेंडू थेट वजनकाट्याखाली गेला.

"आता उलट्या बाजूनं उभ्या राहा. डावखुऱ्यासारखं मारा."

चेंडू पेल्याला शिवून थांबला. मनगट शांत होतं.

"वडिलांचा आजार हा नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकच हालचाल लाखो वेळा केली की हात कधीकधी तेवढ्यापुरता रुसतो. वाद्य वाजवणाऱ्यांचा रुसतो, लिहिणाऱ्यांचाही."

"म्हणजे बटणं वगैरे..."

"खुशाल लावा. त्या कामावर तो रुसलेला नाही."

ती बोळातल्या बाकावर बसली. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता. भाऊ भिंतीकडे तोंड करून नाक पुसत राहिला. "इथे एसी फारच आहे," तो म्हणाला.

चाळिशीत ती होलजवळचे फटके डावीकडून मारायला शिकली. सुरुवातीला सरावाला आलेल्या पोरी तोंड लपवून हसत. मग तीही त्यांच्या हसण्यात सामील झाली. पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती नववी आली.

"चारदा पहिली, आता नववी. वाईट वाटत असेल ना?" एका वार्ताहरानं विचारलं.

"अहो, जिंकायचे तेव्हा आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. काल मी उशीवर पालथी पडून घोरत होते. आमच्या दादाला विचारा."

भाऊ बॅगेची चेन लावत होता. "डाव्या बाजूनं अजून दोन वर्षं काढशील," तो म्हणाला.

"तीन," ती म्हणाली, आणि दोघं जेवायला निघाले.