काकूंचा पंखा
मिसरी भाजल्याचा वास आला की मला लातूरची ती भाड्याची खोली आठवते. बारावीनंतर नीटच्या तयारीसाठी मी मुदखेडहून तिथं राहायला गेले होते. एप्रिलची दुपार, डोक्यावर तापलेले पत्रे आणि परीक्षा तोंडावर आलेली. मी पुस्तक उघडलं की मिसरीचा वास यायचा आणि भिंतीवरचं पंख्याचं बटण खट्‌कन आपोआप बंद व्हायचं. घरमालकीण काकू जिवंतपणी मिसरी भाजता भाजता उठून यायच्या आणि वीजबिलाच्या धास्तीनं असंच करायच्या. पण त्यांना जाऊन महिना झाला होता. पहिल्या दिवशी भीती वाटली, नंतर नुसता संताप. त्यांच्या मुलाकडं तक्रार केली तर ते थंडपणे म्हणाले, "पोरी, आई जित्तेपणी कुणाचं ऐकली न्हाई. आता मेल्यावर काय ऐकणार हाय?" त्या दुपारी पंखा पुन्हा थांबला तेव्हा मी रडतच ओरडले, "काकू, तुम्हाला आता उकडत न्हाई, मला उकडून राहिलंय! लई अभ्यास राहिलाय माझा!" मग बटण चालू झालं, आणि पाठोपाठ रेग्युलेटर पाचवरून एकवर आला. इतक्या वर्षांनीही मला राग येतो तो काकूंचा नाही. तेवढ्याशा वाऱ्यासाठी मी हात जोडून "उपकार झाले, काकू" म्हणाले, त्याचा.